उशीखालचा चमचा

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागेना. तू म्हणालीस, "आई, इथल्या सगळ्या शाळा बंद आहेत, आणि मी पहाटे पाचला गाडीच्या काचा खरवडतेय. लहानपणी बर्फ किती आवडायचा गं मला! आता अंदाज ऐकला तरी पोटात गोळा येतो." बफेलोतला पहिला हिवाळा, नर्सची पहिलीच नोकरी, दमणूक तर होणारच. पण तुझ्या आवाजात दमणुकीहून जास्त हळहळ होती. तुझं ते आवडणं काल-परवा हरवलेलं नाही, मनू. अकरा वर्षांपूर्वी मी ते तुझ्या हातून काढून घेतलं. फोनवर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

२०१५चा हिवाळा तुला आठवत असेलच. २६ आणि २७ जानेवारीला वुस्टरला ३४.५ इंच बर्फ पडला, तिथल्या नोंदींतलं ते सगळ्यात मोठं वादळ. आपल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात गाड्या रस्त्यावर आणायला बंदी होती, सूट फक्त आमच्यासारख्यांना. त्या वर्षी बॉस्टनला हिवाळाभरात ११०.६ इंच झाला. शहरातून उचलून एका मैदानात रचलेला ढीग वितळायला १४ जुलै उजाडला होता. बाबा तेव्हा सोमवार ते गुरुवार दुसऱ्या गावी कामाला असायचे आणि त्या आठवड्यात तिकडेच अडकले. मी रक्तपेढीत. रक्तपेढीला कसली सुट्टी? ऑपरेशनं थांबतात, पण बाळंतपणं थांबत नाहीत, बर्फ उपसताना छातीत कळ येऊन पडलेली माणसं यायची थांबत नाहीत. माझ्या जागी येणारी मुलगी पोचू शकली नाही, म्हणून मी सलग दोन पाळ्या केल्या, मधले चार तास मागच्या खोलीत खाटेवर पडले. तू शेजारच्या बाईंकडे होतीस. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तुझे गाल लाल झाले होते, हातमोजे ओलेचिंब, आणि तू मला बर्फात खणलेलं भुयार दाखवायला ओढत होतीस. "नंतर बघते," म्हणाले. ते भुयार मी कधीच पाहिलं नाही.

आणि मग ८ फेब्रुवारी, रविवारची रात्र. पुन्हा वादळ येणार होतं. पांघरूण नीट करायला तुझ्या खोलीत आले तर तू पायजमा उलटा घातलेला, शिवण बाहेर, नाडीची टोकं आत. उशीखाली चमचा. मोरीत बर्फाचे खडे टाकून आली होतीस, तुझ्या वर्गातली सगळीच मुलं सुट्टी मिळावी म्हणून हे करायची. तो चमचा आपला वरण वाढायचा लहान चमचा होता, दांड्यावर आजीचं नाव कोरलेला. मी तो उपसून घेतला आणि ओरडले. काय ओरडले ते मला शब्द न् शब्द पाठ आहे: "तुला सुट्टी हवी असते, आणि मी मरमर मरते ते दिसत नाही तुला!"

तू रडली नाहीस. उठलीस, बाथरूममध्ये गेलीस, पायजमा सुलट करून आलीस आणि भिंतीकडे तोंड करून निजलीस.

पहाटे शाळेचा फोन आलाच, सुट्टीचा. मी निघाले तेव्हा तू धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतीस. बाहेर सगळी मुलं घसरगाड्या घेऊन टेकडीवर गेलेली. त्यानंतर तू पुन्हा कधी पायजमा उलटा घातला नाहीस. पुढच्या हिवाळ्यापासून टीव्हीवर वादळाचा अंदाज आला की तुझा पहिला प्रश्न असायचा, "आई, उद्या तुझी ड्यूटी आहे का?" लोक म्हणायचे, किती समजूतदार पोर आहे. मलाही तेव्हा बरं वाटायचं. अकरा वर्षांच्या मुलीला एवढी समज लागायला नको होती गं.

माझ्या आईने हे माझ्याशी केलं नव्हतं, म्हणून मला जास्त लागतं. परळच्या चाळीत आम्हांला पावसाची सुट्टी मिळायची. मोठा पाऊस आणि समुद्राची भरती एका वेळेस आली की गटारांचं पाणी समुद्रात जायचं कसं? हिंदमाताला कंबरभर पाणी तुंबायचं, शीव-कुर्ल्याकडे रूळ बुडून लोकल बंद पडायची आणि शाळा आम्हांला घरी पाठवायची. आम्ही गॅलरीतून खालचं पाणी बघत नाचायचो. तुझी आजी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. पाऊस जितका जास्त तितके फोन जास्त, त्यामुळे ती निघायचीच. मला एक चित्र डोळ्यांसमोर लख्ख आहे: तिने निऱ्या गुडघ्यांपर्यंत खोचल्यात, चपला पिशवीत घालून काखेत धरल्यात, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून ती पायाने पाण्याचा अंदाज घेतेय. कधीकधी दुसऱ्या दिवशी दुपारी यायची, पायांची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली. तेल लावत बसायची आणि विचारायची, "मज्जा केलीत का रे पोरांनो?" आम्ही सगळं सांगायचो. ती ऐकायची. तिने किती पाणी तुडवलं ते तिने कधीच सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

पाऊस माझ्यासाठी बदलला तो २६ जुलै २००५ला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. तू वर्षाची होतीस. तुला मांडीवर घेऊन मी इथल्या, वुस्टरशेजारच्या श्रूजबरीच्या स्वयंपाकघरातून रात्रभर नंबर फिरवत होते आणि एकही लागत नव्हता. मामा कुर्ल्याहून परळपर्यंत पाण्यातून चालत आला हे दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून मुंबईत पाऊस म्हटलं की मी आधी फोन शोधते. म्हणजे तुझा तो पोटातला गोळा मला नवा नाही.

यंदाचं सांगते. निवृत्त झाल्यावरचा हा माझा पहिला हिवाळा. बाबांना स्टेंट घातल्यापासून फावडं बंद, एक मुलगा येऊन वाट मोकळी करून जातो. गेल्या वादळात सवयीने पाचला जाग आली. कुठे जायचं नव्हतं. खिडकीशी बसले, आणि काहीच ऐकू येईना. ताज्या, भुसभुशीत बर्फात हवेच्या पोकळ्या असतात, त्या आवाज पिऊन टाकतात, एवढं मला माहीत होतं. पण या देशात सव्वीस वर्षं काढून ती शांतता मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आधीच्या प्रत्येक पहाटे मी गाडी सुरू होते का ते ऐकत होते. उजाडल्यावर समोरची दोन मुलं बाहेर आली, ढिगाऱ्यात हातांनी खणायला लागली, आणि मी चहा तसाच ठेवून बूट चढवले. त्यांच्या भुयारात वाकून पाहिलं. आत निळसर उजेड असतो, मनू. तुझ्यातही असाच असणार.

बर्फ पुन्हा आवडायला मला साठी गाठावी लागली. तू एवढी थांबू नयेस असं फार वाटतं.

तुझं काम मात्र आहेच, आणि तुझा बर्फ आमच्यापेक्षा लबाड. तिकडे थंड वारा उबदार ईरी सरोवरावरून येताना वाफ उचलतो आणि एका अरुंद पट्ट्यात सगळा बर्फ ओततो. एका वस्तीत ऊन आणि दोन मैलांवर गाडी दिसत नाही अशी गत. डिसेंबर २०२२मध्ये तुमच्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली, काही तर गाडीत अडकून. म्हणून गाडीत घोंगडी, पाणी, फावडं ठेव. अडकलीस तर गाडी सोडून चालायला लागू नकोस. इंजिन चालू करण्याआधी मागचा धुराचा पाइप हाताने मोकळा कर, नाहीतर विषारी वायू आत येतो. पोचल्यावर एक शब्दाचा मेसेज पुरे.

मेतकूट आणि डिंकाचे लाडू काल पोस्टात टाकले. डब्याच्या तळाशी फडक्यात आजीचा तो चमचा आहे. तुमचं हॉस्पिटल त्याने बंद होणार नाही, मला ठाऊक आहे. पण तो तुझा आहे, आणि मला तो परत करायचा होता.

रविवारी रात्री तुमच्याकडे पुन्हा बर्फ सांगितलाय. सोमवारी तुझी सुट्टी आहे असं म्हणाली होतीस. उशिरापर्यंत झोप. फोन मी दहानंतर करीन, आणि बाहेर जाऊन काय केलंस ते सगळं ऐकीन.

तुझी,
आई