एस्बियर्गच्या धक्क्यावरून

एस्बियर्ग, डेन्मार्क
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लंडनला लेकाकडे येतो आहेस हे वाचून फार आनंद झाला. तू विचारलं आहेस, ‘तिथून तुझ्याकडे बोटीनं येता येईल का? रात्री बसायचं आणि सकाळी तुझ्या दारात उतरायचं.’ नाही रे, आता नाही येता येत. २०१४च्या सप्टेंबरअखेरपर्यंत अगदी तसंच येता आलं असतं. इंग्लंडमधल्या हार्विचच्या धक्क्यावर संध्याकाळी चढायचं, रात्र उत्तर समुद्रावर काढायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एस्बियर्गला उतरायचं. माझं घर तिथून चालत वीस मिनिटांवर आहे.

तुझा प्रश्न वाचला आणि जेवण झाल्यावर मी सरळ बंदरावर गेलो. तिथे आता पवनचक्क्यांची पाती रांगेनं निजलेली असतात. एकेक पातं आपल्या शाळेच्या इमारतीहून लांब. बंदर ओस पडलेलं नाही, उलट पूर्वीपेक्षा जास्त गजबजलेलं आहे. पण उतारूंची बोट नाही. परत आलो आणि लिहायला बसलो. त्या बोटींबद्दल तुला सगळं सांगावंसं वाटतंय, तेव्हा सवडीनं वाच.

गोष्ट एका पराभवापासून सुरू होते. १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाशी झालेल्या युद्धात डेन्मार्क हरला आणि श्लेसविग, होल्स्टाइन हे दक्षिणेकडचे प्रांत गेले. जमीन गेली तशी पश्चिम किनाऱ्यावरची बंदरंही गेली. इथली गुरं टोनिंग नावाच्या बंदरातून इंग्लंडला जायची, ते आता परक्या मुलखात. उरलेल्या किनाऱ्यावर वाळू, उथळ पाणी आणि भरती-ओहोटी. मग १८६८ मध्ये सरकारनं कायदा करून एक जागा निवडली, जिथे मोजकी शेतघरं सोडली तर काही नव्हतं. समोर फान्यो बेट आडवं पडलेलं, त्यामुळे लाटांपासून आसरा. ती जागा म्हणजे हे गाव. आधी बंदर झालं आणि मग त्याच्यामागे गाव वाढलं. रस्ते आखीव, सरळ. आपल्याकडच्या जुन्या बंदरांसारख्या वळणावळणाच्या गल्ल्या इथे नाहीतच.

त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये कार्ल फ्रेडरिक टीट्गेन नावाचा बँकर होता. अठ्ठाविसाव्या वर्षी तो एका मोठ्या बँकेचा प्रमुख झाला होता. एकमेकांशी झुंजणाऱ्या लहान धंद्यांना एकत्र आणून मोठी कंपनी उभी करायची, ही त्याची हातोटी. त्यानं तार कंपनी काढली, साखर कारखाने एकत्र केले आणि बोटींचंही तेच केलं. ११ डिसेंबर १८६६ रोजी तेव्हाच्या मोठ्या आगबोट कंपन्या एकत्र आल्या. नाव ठेवलं ‘डेट फोरेनेडे डॅम्पस्किब्स-सेल्स्काब’, आपल्या भाषेत ‘संयुक्त आगबोट कंपनी’. हेच पुढे आद्याक्षरांनी डीएफडीएस झालं. ‘आगबोट’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. तुझी आजी रत्नागिरीहून भाऊच्या धक्क्याला आगबोटीनं यायची ना? काळं धुराडं आणि त्यावर रुंद लाल पट्टा ही या कंपनीची खूण.

१८७५ मध्ये कंपनीची ‘रिबरहूस’ ही चाकांची वाफेची बोट या नव्या बंदरातून इंग्लंडला निघाली. पाच-सात वर्षांत हा मार्ग हार्विचला स्थिरावला. सुरुवातीला बोटींत भरायचे ती गुरं. पुढे जे झालं ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठं वाटतं. अमेरिका आणि रशियातून स्वस्त धान्य युरोपात यायला लागलं आणि इथल्या शेतकऱ्याचं धान्य परवडेना. त्यानं धान्य विकायचं सोडलं आणि तेच गाई-डुकरांना घालायला सुरुवात केली. १८८२ मध्ये येडिंग नावाच्या खेड्यात शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी उभारली. ते खेडं इथून फार लांब नाही. मतं गाईंच्या संख्येवर नाहीत, माणशी एक! १८८७ मध्ये जर्मनीनं डॅनिश डुकरं घ्यायचं बंद केलं, तर त्याच वर्षी होर्सेन्सला पहिला सहकारी बेकन कारखाना निघाला. इंग्रजांच्या न्याहारीचं लोणी, बेकन, अंडी इथून जायला लागली. वारणेच्या नाहीतर प्रवरेच्या काठी वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

लोक टीट्गेनचं नाव घेतात, कोपनहेगनमध्ये त्याचा पुतळाही आहे. माझं मत विचारशील तर, बोटीनं डेअरी जगवली आणि डेअरीनं बोट जगवली. ठरल्या वारी, ठरल्या वेळी बोट सुटणार ही खात्री नसती, तर लोण्यासारखा नाशवंत माल कुणी केला असता? माझ्या शेजारी एक आजी राहतात. त्यांचे वडील गोदीत होते. लोणी बीचच्या लाकडाच्या पिंपांतून यायचं आणि पिंपाला कान लावून हलवलं की ते नीट भरलंय का हे वडिलांना कळायचं, असं त्या सांगतात. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, पण सांगताना त्यांचे डोळे चमकतात.

या कंपनीनं अमेरिकेलाही बोटी नेल्या. देश सोडून जाणाऱ्यांनी भरलेली ‘नॉर्गे’ २८ जून १९०४ रोजी अटलांटिकमधल्या रॉकॉल खडकापाशी आदळून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ‘टायटॅनिक’ सगळ्या जगाला माहीत आहे. ‘नॉर्गे’वर बहुतेक गरीब नॉर्वेजियन, स्वीडिश, रशियन माणसं होती, त्यांचं नाव कुणी काढत नाही. मला हे टोचतं, म्हणून लिहिलं.

आता बोटींकडे वळतो. १९२५ मध्ये या मार्गावर ‘पार्कस्टन’ आली. वाफेवर नाही, डिझेलवर चालणारी. एवढ्या छोट्या अंतराच्या उतारू-बोटीला डिझेल एंजिन बसवणं हे तेव्हा नवलच होतं. बांधली हेल्सिंगरच्या गोदीत. तिच्यामागोमाग तशाच आणखी तीन आल्या: ‘युलँड’, ‘एस्बियर्ग’ आणि ‘इंग्लंड’. कोळशाची धूळ नाही, घामाघूम होऊन भट्टीत फावडी मारणारे खलाशी नाहीत.

मग ९ एप्रिल १९४०. जर्मन फौजा एका सकाळी डेन्मार्कमध्ये शिरल्या आणि इंग्लंडची वाट बंद झाली. इथे तुझा-माझा एक धागा आहे, बघ. तुझे बाबा पवईला एल अँड टीमध्ये होते. ती कंपनी हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ मध्ये मुंबईत सुरू केली, डॅनिश डेअरीची यंत्रं आणून विकण्यासाठी! त्या एप्रिलमध्ये यंत्रं यायची थांबली, तेव्हा दोघांनी मुंबईत बोटींच्या दुरुस्तीची कामं घेतली आणि त्यातून कंपनी तगली. इकडे बोटी अडकल्या आणि तिकडे बोटींनीच तारलं. बाबा असते तर त्यांना हे सांगायला मला फार आवडलं असतं.

त्या चार बोटींपैकी युद्धानंतर या मार्गावर परतली ती एकटी ‘पार्कस्टन’.

आणि आता माझी लाडकी, ‘क्रोनप्रिन्स फ्रेडरिक’, म्हणजे ‘युवराज फ्रेडरिक’. देश जर्मनांच्या ताब्यात असतानाच ती हेल्सिंगरला पाण्यात उतरली आणि १९४१ मध्ये तयार झाली. नवीकोरी बोट, पण जायचं कुठे? जर्मनांनी ती नेऊ नये म्हणून तिच्या एंजिनाचे काही भाग काढून लपवून ठेवले. पाच वर्षं ती कोपनहेगनला बांधून पडली होती. १९४६च्या मे महिन्यात ती पहिल्यांदा हार्विचला निघाली. पुढच्याच वर्षी खरा युवराज राजा झाला, बोट मात्र शेवटपर्यंत युवराजच राहिली.

एप्रिल १९५३ मध्ये हार्विचच्या धक्क्याला लागलेली असताना तिला आग लागली. बंबांनी पाणी मारलं, मारतच राहिले. ते पाणी आत साठत गेलं आणि त्याच्या भारानं बोट धक्क्यालगतच कुशीवर कलंडली. तो फोटो मी पाहिला आहे. एवढी देखणी बोट आणि अर्धी चिखलात. लोकांनी ती सोडून दिली नाही. चार महिन्यांत तिला सरळ करून वर काढली, हेल्सिंगरला ओढत नेली, पुन्हा बांधली आणि १९५४ मध्ये ती पुन्हा त्याच मार्गावर! तुला सांगतो, तिची गोष्ट इथेच संपावी असं मला नेहमी वाटतं. पण १९७६ मध्ये ती इजिप्तला विकली गेली, नाव ‘पात्रा’ झालं आणि त्याच डिसेंबरच्या २४ तारखेला जेद्दाहून सुएझला यात्रेकरूंना परत आणत असताना तांबड्या समुद्रात ती पेटली. शंभराहून अधिक माणसं दगावली. या वेळी ती वर आली नाही.

युद्ध संपलं तरी समुद्रात पाणसुरुंग उरले होतेच. ११ जून १९४८च्या पहाटे कंपनीची ‘क्योबेनहाव्हन’ ही बोट कोपनहेगनहून ऑलबोर्गला जाताना एका सुरुंगावर गेली आणि काही मिनिटांत बुडाली. ४८ माणसं गेली. शांततेला तीन वर्षं झाल्यावर.

१९६४ मध्ये दुसरी ‘इंग्लंड’ आली. माणसाबरोबर त्याची मोटारही पोटात घेणारी या मार्गावरची पहिली. तिची अंतर्गत सजावट काई कोर्बिंग या वास्तुविशारदाची होती. जुन्या बोटींतलं जड लाकूडकाम आणि कोरीव खांब त्यानं काढून टाकले. साध्या रेषा, हलक्या खुर्च्या, मोठ्या खिडक्या. डॅनिश घरांतलं जे सामान जग आज वाखाणतं, ते हजारो इंग्रजांनी पहिल्यांदा पाहिलं आणि त्यावर बसून चहा घेतला, तो या बोटींवर. मग ‘विन्स्टन चर्चिल’, ‘डाना रेगिना’ आणि ऑलबोर्गला बांधलेली ‘डाना अँग्लिया’. ही शेवटची १९७८ पासून २००२ पर्यंत एकाच मार्गावर येजा करत होती. इथल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना ‘बोट’ म्हटलं की हीच आठवते.

मधल्या काळात कंपनीनं एक भलतं धाडसही केलं. ‘स्कँडिनेव्हिया’ नावाची प्रचंड बोट बांधून १९८२ मध्ये न्यूयॉर्क ते बहामा असा मोटारींसह प्रवास सुरू केला. परदेशी बोटीला अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये उतारू नेता येत नाहीत, म्हणून फ्लोरिडाला जाणाऱ्यांना बहामाला बोट बदलावी लागायची. एवढा खटाटोप कोण करणार? तोटा इतका झाला की मूळ कंपनीच डगमगली.

आम्ही दोघं एकदाच त्या हार्विचच्या बोटीनं गेलो, २०११च्या ऑक्टोबरात, ‘डाना सिरेना’वरून. हिला बोट लागली आणि ती रात्रभर केबिनमध्ये आडवी. मी मात्र डेकवर. पहाटे उजाडताना समुद्र शिशासारखा करडा होता, शेजारी एक ट्रकवाला कॉफी पीत उभा होता. तो म्हणाला, ‘चाळीस वर्षं जातोय, अजून कंटाळा नाही आला.’ ते तिकीट माझ्या पाकिटात अजून आहे.

तीन वर्षांनी मार्ग बंद झाला. कारणं कळत नाहीत असं नाही. १९९९ मध्ये युरोपीय संघातल्या देशांमधली बोटीवरची करमुक्त विक्री थांबली. उतारू-बोटींची निम्मी कमाई त्या दुकानांत असे, असं इथली जुनी माणसं म्हणतात. स्वस्त विमानं आली. आणि १ जानेवारी २०१५ पासून उत्तर समुद्रात इंधनातलं गंधक ०.१ टक्क्यावर आणायचं होतं, ते इंधन महाग. नियम हवेसाठी चांगला आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. तरी १३९ वर्षं चाललेली गोष्ट थांबताना हिशेबापलीकडे कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, असं मला वाटतं. शेवटच्या दिवशी मी धक्क्यावर होतो. शेजारच्या आजीही आल्या होत्या, काठी टेकत. बोट आली, माणसं उतरली, दार बंद झालं. ब्रिटन आणि स्कँडिनेव्हिया यांच्यामध्ये उतारू नेणारी तेव्हा उरलेली ती एकटीच बोट होती.

कंपनी आहे अजून, मोठी आहे. डोव्हरची खाडी ओलांडते, न्यूकॅसलहून हॉलंडला जाते. कोपनहेगन–ऑस्लो हा जुना मार्ग मात्र २०२४ मध्ये तिनं एका स्वीडिश कंपनीला विकला. आणि एस्बियर्गहून इंग्लंडला मालाची बोट अजून जाते, इमिंगहॅमला. ट्रकच्या पेट्या आत जातात, माणूस नाही.

तेव्हा तू विमानानंच ये. बिलुंडचा विमानतळ इथून तासाभरावर आहे, मी घ्यायला येईन. दुसऱ्या दिवशी फान्योच्या छोट्या फेरीबोटीत बसू, बारा मिनिटांचं पाणी आहे, पण पाणी आहे. नशीब असेल तर इमिंगहॅमची बोट बाहेर पडताना दिसेल. उत्तरेला, किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून बसलेले चार पांढरे पुतळे आहेत, नऊ मीटर उंच, तेही दाखवीन. आजींना मी सांगून ठेवलंय की माझा एक मित्र येतोय, त्याला पिंपांची गोष्ट पुन्हा सांगा. त्या म्हणाल्या, ‘त्याला कान नीट आहेत का विचार.’

वहिनींना नमस्कार. येताना आमसुलं आण, इथली संपली. कोकमाचं आगळ मिळालं तर तेही, पण बाटली नीट बांधून.

तुझाच,
जुना बाकसोबती