मनूस, तुझ्या फोननंतर

मनू,

परवा रात्री तू फोनवर रडलीस आणि मी नुसतं "बघू, होईल काहीतरी" म्हणून ठेवला. नंतर झोप आली नाही. मला बोलताना सुचत नाही हे तुला माहितीय, म्हणून लिहितोय, आणि तुझ्या आईनं मोबाईलवर मराठी टायपिंग शिकवलंय तर जरा वापरतो पण. चुका काढू नको.

तू म्हणलीस की तुमच्या टीममध्ये आठजण सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचे, आता तेच काम एआय करतंय आणि तिघांना सांगितलं की तुमची गरज नाही. पुढचा नंबर माझा, असं म्हणलीस. आणि तो व्हिडिओ पाठवलास, शुम्पीटर म्हणून कुणी अर्थशास्त्रज्ञ, 1942 च्या पुस्तकात सांगून गेला म्हणे की नवं येतं ते जुन्याला मोडूनच येतं, त्याला सर्जनशील विनाश म्हणायचं. नाव मोठं गोड ठेवलंय बघ. ज्याचं मोडतं त्याला त्यातलं सर्जनशील काय ते दिसत नाही, एवढं मी त्याला सांगितलं असतं.

तुला आठवतंय का काय की, सोलापूरच्या साखर पेठेतली आपली वरची खोली. मी ग्राफवर चादरीचं डिझाइन काढायचो, एक चौकोन म्हणजे एक उभा ताणा नि एक आडवा बाणा, लाल भरला तर ताणा वर, मोकळा ठेवला तर खाली. मग एकेक ओळ बघून कार्डं पंच करायची. जॅकार्डच्या मागावर एका बाण्याला एक कार्ड, भोक असलं की सुई आत जाते, हुक उचलला जातो, नसलं की धागा तिथंच. हजारावर कार्डं व्हायची एका मोराला, ती दोऱ्यानं ओवून माळ करायची. आणि तू आठ वर्षांची, शाळेतून आली की दप्तर टाकून कार्ड खिडकीच्या उजेडाला धरायची आणि ग्राफशी भोकं मोजायची. एकदा एक जास्तीचं भोक तूच पकडलंस, मोराच्या चोचीत नको तो धागा वर आला असता अख्ख्या चादरीत. मी कागदाचा तुकडा डिंकानं चिकटवायला तुलाच दिला. म्हणजे टेस्टिंग तू तेव्हापासून करालीस की, पगार तेवढा नव्हता.

ही कार्डं फ्रान्सच्या ल्योन गावातल्या जोसेफ मारी जॅकार्डची, 1804 च्या सुमाराची. तिथल्या विणकरांनीही त्याच्या मागावर राग काढला होता म्हणतात, पोटावर पाय आला की कोण गप्प बसतं. पण मजा पुढं आहे. ह्याच भोकांच्या कार्डावरनं इंग्लंडच्या बॅबेजनं आपल्या गणिती यंत्राला हुकूम द्यायची कल्पना काढली, मग 1890 ची अमेरिकेची जनगणना होलेरिथनं भोकांच्या कार्डांवर मोजली, आणि तिथनं फिरत फिरत कॉम्प्युटर. म्हणजे तो कॉम्प्युटर शेवटी फिरून आमच्याच खोलीत आला, मला घरी बसवायला. 2001 ला आमच्या व्यापाऱ्यानं आणला. माझं तीन दिवसांचं डिझाइन पोरगं दुपारच्या आत स्क्रीनवर करायला लागलं. व्यापारी वाईट बोलला नाही, फक्त काम द्यायचं बंद केलं. पोरगा मला म्हणला, काका या, बसा, शिकवतो. मी गेलो नाही. वीस वर्षं हातानं ग्राफ काढलेला माणूस, कालच्या पोराकडं माऊस धरायला शिकू? माझं नुकसान कॉम्प्युटरनं केलं त्याच्यापेक्षा ह्या ताठ्यानं जास्त केलं. हे तुझ्या आईला पण मी कधी बोललो नाही.

आणि चादरीचं म्हणशील तर लोक पानिपतच्या मिंक ब्लँकेटला शिव्या घालतात. मला विचारशील तर चादरीला अर्धं मारलं ते वॉशिंग मशीननं. ओली सोलापुरी चादर पिळायला दोन माणसं लागायची, गच्चीवर तू एका टोकाला नि आई दुसऱ्या, पीळ घालत घालत तू हसून खाली बसायचीस. आता फ्लॅटमध्ये गच्ची नाही, दुसरं माणूस कामावर, मशीनमध्ये ती ओली झाली की धोंडा होते. लग्नात आहेर म्हणून चादर द्यायचे ते पण गेलं, पाकीट देतात नाहीतर फोनवरनं पैसे टाकतात. गिऱ्हाईक कुणाचा सूड उगवत नाही गं, त्याचं घर बदलतं. आपल्याच कपाटात बघ, आईनं गेल्या दिवाळीला ऑनलाईन मागवलेलं गुबगुबीत ब्लँकेट आहे, मी पण तेच घेऊन झोपतो. वर चादरीला जीआय टॅग, म्हणजे ही सोलापूरचीच असा सरकारी शिक्का, मिळाला म्हणून पेढे पण आम्हीच खाल्ले.

ज्यांनी वेळेत ओळखलं ते टॉवेलकडं वळले. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत जा, चादरीपेक्षा टॉवेलचाच माल जास्त दिसेल, बाहेरदेशी पण जातो. कुणी शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई घातली. ज्यांनी नाही ओळखलं त्यांचे माग भंगारात किलोवर गेले. कोडॅकचं वाचलंस का, डिजिटल कॅमेरा त्यांच्याच इंजिनिअरनं 1975 ला बनवला होता, पण रोल खपत होते म्हणून तो पुढं रेटला नाही, आणि 2012 ला दिवाळखोरीचा अर्ज. एवढ्या मोठ्या कंपनीला जमलं नाही, मी तर साखर पेठेतला. (हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणतोय, कळतंय मला.)

त्या व्हिडिओत एक गोष्ट सांगितली नाही. मोडतं एका घरात आणि उभं राहतं दुसरीकडं. 1877 ची आपली जुनी गिरणी बंद झाली तेव्हा भोंग्यावर उठणाऱ्या माणसांना कुणी दुसऱ्या दिवशी नवं काम दिलं नाही. माझं सुटलं तेव्हा मी टॉवेलवाल्याकडं हिशोबाला बसलो, पगार निम्मा, आणि तुझ्या इंजिनिअरिंगची फी त्यातनं नि आईच्या शिवणातनं गेली. आपल्या घरात मोडलं नि आपल्याच घरात तुझ्या लॅपटॉपवर उभं राहिलं हा योग म्हणायचा. शेजारच्या बाबुरावाच्या पोराला तो मिळाला नाही, तो रिक्षा चालवतोय.

म्हणून सांगतो, ते एआय वापरायला शिकवणारं कुणी पोरगं ऑफिसात असेल तर त्याच्याशेजारी जाऊन बस, तुझ्यापेक्षा लहान असलं तरी. आणि त्या आठजणांतल्या तिघांना फोन कर. मला तेव्हा कुणी केला नव्हता. नोकरी गेलीच तर इकडं ये, वरची खोली रिकामीच आहे, दोन महिने बसून खाल्लंस तरी काही बिघडत नाही. भाड्याचं मी बघतो.

शेंगा चटणी नि कडक भाकरी पार्सल केलीय, बसनं येईल, उचलून घे.

अजून एक. मागच्या आठवड्यात पुण्याचा एकजण आला होता, कॅफेच्या भिंतीवर टांगायला जुनी कार्डं पाहिजेत म्हणे, माळेचे बरे पैसे देत होता. दोन माळा दिल्या. मोराची दिली नाही, माळ्यावर ठेवलीय. तू चिकटवलेला कागद अजून निघालेला नाही. गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा काढून दाखवतो.

अप्पा