गणपतीपुळ्याचं राहिलेलं

सांगली,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या पोटात गोळा आला असेल. कोणी गेलेलं नाही. सासूबाई ठणठणीत आहेत, माझी शुगर काठावर, बीपीची गोळी चालू, गुडघे जसे होते तसे. झालं तब्येतीचं.

सहामाहीचे पेपर पुढ्यात पडलेत आणि त्यांच्याच उरलेल्या पुरवण्यांवर हे लिहितेय. फोनवर सांगायची सोय नाही. आमच्याकडे एका खोलीत बोललेलं तिन्ही खोल्यांत ऐकू येतं, तुला माहीत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं होतं. चांगलं हातभर लिहून झालं आणि पाठवायच्या आधी वर नजर गेली, तर 'नववी ब पालक'. अजून आठवलं की घाम फुटतो. म्हणून कागद.

तर सुमे, दोन वर्षं मला खाली आग होत होती. लिहिलं बाई एकदाचं. दहावीला प्रजननाचा धडा शिकवताना फळ्यावर ठणठणीत अक्षरात 'योनी' लिहिते मी, मागच्या बाकावरचे फिदीफिदी हसले तर उभं करते त्यांना. आणि तुला लिहिताना 'खाली'!

पाळी शेवटची आली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. वर्ष पूर्ण झाल्यावर पेढे वाटावेत असं वाटलं होतं. रात्रीच्या झळा चालू होत्या तेव्हा, पंखा पाचावर आणि आमचा हा दोन गोधड्यांत. पण त्या कमी होत गेल्या आणि मी म्हटलं, सुटलो. मग हे सुरू झालं. आधी नुसती चुणचुण. मग कोरडं, ओढल्यासारखं, आणि मग आग. लघवीला गेलं की आग, नाही गेलं तरी आग. सलवारीची शिवण टोचायची. स्कूटीवर बसले की प्रत्येक खड्डा मोजून कळायचा, आणि सांगलीतले खड्डे तुला सांगायला नकोत. शाळेत तिसरा तास संपेपर्यंत दम धरवायचा नाही, मुलांना 'स्वाध्याय सोडवा' म्हणून पळायचं.

सासूबाईंचं निदान तयार होतं, उन्हाळी लागलीय. धण्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा, गुलकंद. गुलकंदाने शुगर वाढली, आग जिथल्या तिथे. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, लघवीचं इन्फेक्शन. पाच दिवस गोळ्या. त्या संपल्या की आठवडाभराने परत त्यांच्या दारात. असं चारदा. त्यातलं एकदा खरंच इन्फेक्शन होतं, पण एकदा लघवी कल्चरला पाठवली तर काहीच वाढलं नाही. त्यावर त्यांनी आधीपेक्षा जोरदार गोळी दिली. मी तीस वर्षं विज्ञान शिकवणारी बाई. जंतूच नाहीत तर जंतूंची गोळी कशाला, एवढं विचारायची अक्कल झाली नाही. मान डोलावली आणि मेडिकलमध्ये गेले.

शिवाय घरची अक्कल वेगळीच. मला वाटलं, स्वच्छता कमी पडतेय. बादलीत जंतुनाशकाचं टोपण ओतलं. मग त्या गुलाबी बाटलीतलं वॉश आणलं. दिवसातून तीनदा. स्वयंपाकघराचा ओटा घासावा तसं घासत होते गं मी स्वतःला. जितकं घासावं तितकी आग जास्त, आणि जितकी आग जास्त तितकं घासायचं.

नवऱ्याचं सांगते, पण पत्र फाडून टाक. जवळ आला की दुखायचं. नुसतं दुखायचं नाही, सुरीने कापल्यासारखं. पहिल्या एक-दोनदा दात आवळून पडून राहिले. नंतर मी साडेनवालाच झोपायला लागले. खोटं झोपायचं, घोरायचं सुद्धा. त्याची समजूत अशी की कुपवाडचा प्लॉट विकला म्हणून मी रुसलेय. तो गादी घेऊन हॉलमध्ये गेला, निमित्त माझ्या घोरण्याचं! वर्षभर आम्ही त्या प्लॉटवरून भांडलो. एकदा तर दर गुंठ्याचा हिशोब मांडून. दोघांपैकी एकाच्याही मनात प्लॉट नव्हता.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात चड्डीवर फिकट गुलाबी ठिपका दिसला. पाळी जाऊन तीन वर्षं होत आलेली. चार रात्री मी जागी, मनातल्या मनात पोराचं लग्न उरकलं, दागिने कुणाला काय ते वाटले, तुला ती मोरणी दिली (तुझ्या नाकाला शोभणार नाही, तरी दिली). पाचव्या दिवशी मिरजेला गेले. सांगलीत प्रत्येक दवाखान्यात कुणी ना कुणी पालक बसलेला असतो.

डॉक्टर बाई आपल्याच वयाच्या. टेबलावर घेतलं, आणि तपासताना एक कागदी पट्टी आत टेकवून बाहेर काढली, रंगांच्या तक्त्याशी धरली. म्हणाल्या, "सहाच्या आसपास आहे. साडेचारच्या आत हवा." मी पाय वर, नजर छताकडे, आणि तोंडातून निघून गेलं, "काय, सामू?" त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, पीएचला सामू म्हणणारी पेशंट पहिल्यांदाच भेटली.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मला माझाच नववीचा धडा कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटत होतं. अंडाशयं थकली की इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं. त्याच्या जिवावर तिथलं अस्तर जाड आणि ओलसर राहतं. ते पातळ झालं की पेशींतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, तीही घटते, आणि त्या ग्लायकोजेनवर जगणारे कोण, तर आपले लॅक्टोबॅसिलाय. दह्याच्या विरजणातल्यांचे भाऊबंद! ते लॅक्टिक आम्ल करतात म्हणून तिथे आंबटपणा राहतो आणि नको ते जंतू टिकत नाहीत. खायला मिळेना म्हणून विरजण मेलं, आंबटपणा गेला. मूत्रमार्गही त्याच इस्ट्रोजेनवर पोसलेला, त्यामुळे लघवीची आग आणि सारखं जाणंही त्याच पोतडीतलं. आणि मी काय करत होते? उरलासुरला आंबटपणा साबणाने धुऊन काढत होते. साबण आम्लारिधर्मी असतो, लाल लिटमस निळा होतो, दोन गुण. पोरांना दरवर्षी करून दाखवते.

सोनोग्राफी केली. गर्भाशयाचं अस्तर ३ मिलिमीटर निघालं, ४ च्या आत म्हणजे काळजीचं नाही. ठिपका त्या पातळ झालेल्या कातडीचाच होता. पण पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तपासून घ्यायचाच, चार रात्री दागिने वाटत बसायचं नाही, असं म्हणाल्या. झळा कालांतराने ओसरतात, हे मात्र आपोआप जात नाही, उपचार न केले तर वाढतच जातं, असंही.

आणि मग चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाल्या, "तुमचं हळूहळू तरी झालं. ज्यांची दोन्ही अंडाशयं ऑपरेशनमध्ये काढतात ना, त्यांना हे एकदम येतं. आणि जास्त जोरात."

सुमे, मी तिथे खुर्चीत बसल्या बसल्या गणपतीपुळ्याला गेले.

डिसेंबर २०१६. तुझं ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते. तू बेचाळीसची. त्या लॉजच्या गॅलरीत रात्री तू म्हणालीस, "कुंदे, खाली सारखी आग होते गं, डोंबिवली फास्टमध्ये तासभर उभी राहते तर रडू येतं. ह्यांना जवळ येऊ देववत नाही." आणि मी काय म्हणाले ते मी लिहिणार नव्हते, पण लिहिते. मी म्हणाले, "तुझं नवऱ्याशी पटत नाही, ते तिथून बाहेर पडतंय. मनाचे खेळ आहेत, नामस्मरण कर." वर बाथरूममधली तुझी खोबरेलाची छोटी बाटली बघून विनोद केला. कोणता ते तुला माहीत आहे. तू हसलीस सुद्धा. सकाळी म्हणालीस पोट बरं नाही, आणि समुद्रावर आली नाहीस.

त्यानंतर नऊ वर्षांत तू मला स्वतःच्या शरीराबद्दल एक अक्षर सांगितलेलं नाहीस. मी हे आता मोजतेय. मुलीचे मार्क सांगितलेस, सासऱ्यांचं आजारपण सांगितलंस, सकाळी सकाळी गुलाबाची चित्रं पाठवलीस. आणि मी म्हणत राहिले, सुमी हल्ली फार रुक्ष झालीय, मुंबईचं पाणी लागलं. होस्टेलवर साधं पोट दुखलं तरी अर्ध्या रात्री मला उठवणारी तू. एप्रिल ९३ च्या त्या डब्याच्या भांडणात मीच खरी होते, ते मी अजूनही सोडणार नाही, शेंगदाण्याची चटणी तूच संपवली होतीस. पण गणपतीपुळ्याचं माझं चुकलं. साफ चुकलं.

मला झोप लागत नाही ती आता आगीने नाही, ह्याने. तुला कोणी काही दिलं का गं? की नऊ वर्षं तू ती खोबरेलाची बाटलीच धरून बसलीयेस? तुझ्या अकलेचं कौतुकही वाटलं मला. मी डॉक्टर बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या बाहेरून खोबरेल लावायला हरकत नाही, थोडा आराम पडतो. पण पातळ झालेलं अस्तर त्याने भरून येत नाही.

मला काय दिलं ते सांगते. इस्ट्रिऑलचं क्रीम, इस्ट्रोजेनचाच एक प्रकार. नळीने मापात आत सोडायचं. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ती नळी पहिल्या दिवशी मी उलटी भरली आणि अर्धं क्रीम पायपोसावर. मधल्या रात्री साधं मॉइश्चरायझर, त्यात हार्मोन नसतं. आणि 'त्या' वेळेपुरतं वेगळं, पाण्यासारखं सुळसुळीत जेल. मॉइश्चरायझर आणि हे जेल मी एकच समजत होते. एक रोजच्या ओलाव्यासाठी, दुसरं तेवढ्यापुरतं. साबण, वॉश, जंतुनाशक सगळं बंद, नुसतं पाणी. सुती चड्ड्या. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस शाळेतून घरी आले आणि चहा पिताना लक्षात आलं की आज दिवसभर खाली काही आठवलंच नाही. पुरतं बरं वाटायला मात्र तीनेक महिने लागले. थांबवलं तर परत येणार, म्हणून चालू ठेवायचं.

आमच्या ह्याने चष्मा लावून त्या डब्यातला कागद वाचला. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या. पांढराफटक पडला. "तुला मारायला दिलंय का हे?" मग त्यालाच घेऊन गेले मिरजेला. प्लॉट सोडून दुसऱ्या विषयावर आम्ही दोघं एकत्र बसलो ते त्या बाकावर, बऱ्याच दिवसांनी. बाईंनी समजावलं, की २००२ मध्ये अमेरिकेत पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांवरच्या मोठ्या अभ्यासातून ती भीती आली. हे क्रीम इतक्या कमी मात्रेत जागच्या जागी लागतं की रक्तात नावालाच उतरतं. तुझ्या वहिनीला मात्र माझं ऐकून काही लावू देऊ नकोस. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं, त्यांच्यासाठी बिनहार्मोनची औषधं आधी बघतात.

सोमवार आणि गुरुवार ठरवलेत. विसरू नये म्हणून कालनिर्णयवर बारीक टिंब करते, जिथे इतकी वर्षं पाळीचे गोल केले तिथेच. सासूबाईंनी ते हेरलं. परवा शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून सोमवार-गुरुवार काहीतरी धरते, पण बोलून दाखवत नाही." मला पुण्य लागलंय. गुरुवारी माझ्या पानात साबुदाण्याची खिचडी येते, गुपचूप खाते.

गादी हॉलमधून परत आलीय. एवढंच सांगते, जास्त विचारू नकोस.

तुझं काय चाललंय? लेकीचं पुण्याचं जमलं का? मुलगा बरा वाटतो फोटोत, कान मोठे आहेत. तुझी निवृत्ती कधी ठरली, घर रिडेव्हलपमेंटला गेलं की नाही, सगळं कळव.

दिवाळी झाली की मी चार दिवस डोंबिवलीला येते. रजा टाकलीय. आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ. तू आत जा, मी बाहेर बसते. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तरी येते, चकल्या दारात ठेवून बसेन.

तुझी,
कुंदी

ता. क. शिव्या घालायच्या असतील तर भरपूर घाल, पण आंतर्देशीयात घाल आणि नीट चिकटव. पोस्टकार्ड नको. आमचा पोस्टमन वाचतो, आणि त्याची मुलगी नववी ब मध्ये आहे.