जलपर्णी आणि खोल समुद्र

अरे सोन्या,

परवा फोनवर तुझ्या प्रोजेक्टची पहिली ओळ वाचून दाखवलीस ना, समुद्रात खत म्हणून लोखंड टाकलं, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक वनस्पती वाढवल्या की झाला हवेतल्या कार्बनचा प्रश्न मिटला, तेव्हा माझी फोडणी जळत होती म्हणून नुसतं हं हं केलं, पण ते काही डोक्यातून जाईना.

काल पाषाण तलावावर गेले होते. काठावर जलपर्णीचा ढीग काढून टाकलेला, वरून हिरवा, काठीने उचकटला तर आत काळा चिकट लगदा, आणि वास असा की ओढणी नाकाला लावावी लागली. एवढं वाढलं, हवेतला कार्बन घेतला आणि आता कुजून तो परत हवेतच चाललाय. वाढलं किती यापेक्षा वाढलेलं जातं कुठे ते बघ रे.

समुद्रातही तेच. पृथ्वीवरचं जवळजवळ निम्मं प्रकाशसंश्लेषण हे डोळ्यांना न दिसणारं प्लवक करतं, पण त्यातलं बहुतेक वरच्या वरच खाल्लं जातं नाहीतर कुजतं. खाली जातात त्या मेलेल्या पेशी, चिकट गोळे आणि कोपेपॉड म्हणून तिळाएवढे जीव असतात त्यांच्या लेंड्या, हो लेंड्याच, घट्ट असतात म्हणून पटकन बुडतात. वाटेत बॅक्टेरिया खात राहतात, तळाला शंभरातला जेमतेम एखादा भाग पोचतो. पण १००० मीटरच्या खाली जाऊन कुजलं तरी चालतं, कारण तो कार्बन तिथल्या थंड पाण्यात विरघळतो आणि ते पाणी शेकडो वर्षं वर येत नाही.

आपल्या अरबी समुद्रात तर पावसाळ्यात हे जोरात चालतं, वाऱ्याने खालचं खतावलेलं पाणी वर येतं ना! गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर १९८६ पासून खोल पाण्यात नरसाळ्यासारखे सापळे लावून हा खाली पडणारा चुरा मोजलाय, मला तर फार भारी वाटतं हे.

आणि तुझं लोखंड. ते २००९ मध्ये करून झालंय, लोहाफेक्स नाव, परत गोव्याची संस्था आणि जर्मन लोक, दक्षिण महासागरात ३०० चौरस किलोमीटरवर. प्लवक वाढलं की. पण तिथल्या पाण्यात सिलिका, म्हणजे काच बनते तो पदार्थ, कमी, त्यामुळे काचेसारखं कवच असलेलं डायटम नावाचं प्लवक वाढलंच नाही, आणि जे वाढलं ते प्राण्यांनी फस्त केलं. खाली फारसं काही गेलंच नाही.

तेव्हा प्रोजेक्टमधली ती पहिली ओळ बदल, आणि प्लवक किती वाढलं त्या आलेखाशेजारी खोलवर किती पोचलं त्याचाही काढ. काढलास की फोटो पाठव, मी वाट बघतेय.

आई