काळ्या कपड्यांतला बंदूकबाज राहिलाच!

यंत्रमानव खलनायकांवरचा पुरवणीतील लेख वाचला. ‘टर्मिनेटर’चे (१९८४) कौतुक ठीकच, पण त्याच्या अकरा वर्षे आधी आलेल्या ‘वेस्टवर्ल्ड’ या चित्रपटातल्या यंत्रमानव बंदूकबाजाचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकले. यंत्रमानवांच्या करमणूक उद्यानात रोजचे हजार डॉलर मोजणाऱ्या पाहुण्यांनी गोळ्या झाडायच्या, याने पडायचे आणि दुरुस्त होऊन पुन्हा उभे राहायचे, ही त्याची नोकरी! एक दिवस तो पडत नाही, पाहुणाच पडतो. मग सुरू होतो पाठलाग. बंदूकबाज साकारणाऱ्या यूल ब्रायनरच्या चेहऱ्यावर ना राग, ना घाई. चकाकते डोळे तेवढे दिसतात. तोंडावर अ‍ॅसिड फेकले तरी गडी मागे येतोच. नजर निकामी झाल्यावर तो अंगाच्या उष्णतेवरून माणूस हुडकतो, आणि नायक जळत्या मशालीखाली श्वास रोखून उभा राहतो. तो प्रसंग मी आजही पाय वर घेऊन बघतो.

त्याच्या नजरेतून दिसणारे चौकोनी ठिपक्यांचे दृश्य संगणकावर घडवलेले होते. पूर्ण लांबीच्या चित्रपटात असे प्रथमच झाले. दिग्दर्शक मायकेल क्रायटन. ‘ज्युरासिक पार्क’ लिहिणारे ते हेच. बिघडलेल्या सहलीच्या जागेचा नाद त्यांना जुनाच!

– एक नियमित वाचक