फोनवर राहिलेलं उत्तर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू रडत नव्हतीस, त्याचीच मला जास्त काळजी वाटली. पूर्व परीक्षेत तिसऱ्यांदा थोडक्यात हुकलं आणि तू शांतपणे म्हणालीस, "आई, देव असेल तर त्याने मला कशासाठी तरी घडवलं असेलच ना? मग ते मला का दिसत नाही? एकतर तो नाही, नाहीतर माझा काही उपयोग नाही." मी नुसतं "जेवलीस का" विचारलं आणि फोन ठेवला. फोनवर मला सुचत नाही, म्हणून कागद घेतला.

माझी विठ्ठलावर श्रद्धा आहे, ती तशीच राहणार. पण देव आहे म्हणून प्रत्येकाच्या नावाने एक काम आधीच लिहून ठेवलंय, हे मला कधी पटलं नाही. आणि असं वाटणारी मी काही पहिली नाही. ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, बादरायणांनी हा आक्षेप स्वतःच मांडला आहे: कुणी काही निर्माण करतो ते हेतूने करतो, मग ज्याला कशाचीच उणीव नाही त्याला हेतू कसला? पुढच्याच सूत्रात उत्तर येतं, "लोकवत्तु लीलाकैवल्यम्". ही केवळ लीला आहे. शंकराचार्य त्यावरच्या भाष्यात श्वासाचा दाखला देतात. श्वास आपण काही मिळवायचं म्हणून घेत नाही, तो स्वभावानेच चालतो. मोक्षाचं ध्येय तेही सांगतात, पण ते माणसाने धरायचं. जग घडवून देवाला स्वतःचं काही साधायचं होतं, असं ते म्हणत नाहीत.

पण हे झालं पोथीतलं. मला हे कळलं ते शाळेत.

माझ्या वर्गाच्या हजेरीत एक नाव होतं, नकुसा. घरात आधीच मुली, आता मुलगी नको, म्हणून हे नाव. रोज सकाळी मी ते मोठ्याने वाचायची आणि ती उभी राहून "हजर, बाई" म्हणायची. कित्येक वर्षं मी ते वाचलं आणि मला काही खटकलं नाही, याची आज लाज वाटते. २०११ साली आपल्या सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली, तेव्हा कुठे मी विचार करायला लागले. त्यांना जन्म देणाऱ्यांचा हेतू तर नावातच लिहिलेला होता. जन्म देणाऱ्याच्या हेतूनेच आयुष्याचा अर्थ ठरत असता, तर त्या मुलींनी काय करायचं होतं?

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगते. दोन मुलींनंतर तू झालीस तेव्हा मी रडले होते, आणि ते आनंदाचं रडू नव्हतं. तुझ्या आजीला मुलगा हवा होता. खरं तर मलाही हवा होता. सव्वा महिना मी तुला मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसायची. माझा तेव्हाचा हेतू तुझ्या जगण्याचं माप म्हणून धरला, तर तू पहिल्या दिवशीच नापास झाली असतीस. बाळा, ते माप खोटं होतं. तू नव्हतीस.

तू म्हणशील, आईबाप चुकतात, देव चुकत नाही. मान्य. पण हेतू चांगला असला तरी तो दुसऱ्याचाच असतो. तू अधिकारी व्हावंस ही बाबांची इच्छा काही वाईट नव्हती. तरी ती तुझी कधी झाली? कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी शेजारच्या काकूंचा विधवा पेन्शनचा अर्ज घेऊन तू तहसीलला चार खेपा घातल्यास आणि चिडून घरी आलीस, तेव्हा. तोपर्यंत ती बाबांचीच होती. देवाच्या मनात माझ्यासाठी काही असेल तर तेही मला असंच उचलावं लागेल, नाहीतर ते त्याच्याकडेच राहील.

पुंडलिकाचं बघ ना. प्रत्यक्ष देव दारात आला आणि हा आईबापाचे पाय चेपत होता. त्याने उठून "माझ्यासाठी काय आज्ञा?" असं विचारलं नाही. वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव थांबला, कमरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगं थांबला. लहानपणापासून ही गोष्ट ऐकतेय, पण त्यातला देव काम नेमून द्यायला आलेला नाही, हे फार उशिरा ध्यानात आलं. तो भेटायला आला होता. माझ्या मनातला देव तो आहे. परीक्षा घेणारा नाही.

आणि तुझे बाबा तर देवच मानत नाहीत. तरी पालखीच्या मुक्कामाला पहाटे तीनला उठून वारकऱ्यांच्या पाण्याचा टँकर कोण लावतं? त्यांना कशासाठी जगायचं हे कुणी सांगावं लागलं नाही.

पुन्हा परीक्षेला बसायचं की नाही, ते तू ठरव. बसलीस तर खोलीचं भाडं आम्ही बघू, नाही बसलीस तरी घर आहेच. पण "माझा काही उपयोग नाही" हे वाक्य माझ्यापाशी पुन्हा बोलू नकोस, मला ते सहन होत नाही.

पालखी लोणंदहून निघाली की चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होईल आणि संध्याकाळी तरडगावात, आपल्या दारात. अभ्यासिकेचे पैसे भरले असलेस तरी चार दिवस ये. ज्वारीचं दळण आणून ठेवलंय. माझा उजवा खांदा अजून धरतोय, एवढ्या भाकऱ्या एकटीच्याने थापून होणार नाहीत. तू हवीस.

तुझी,
आई