सुपरवायझर प्रशिक्षण: निरीक्षणं शनिवारपर्यंत पाठवा

सर्व सभासदांना नमस्कार. प्रशिक्षण होऊन तीन महिने होत आले. शेवटच्या दिवशीच्या फॉर्मवरून कार्यक्रम आवडला इतकंच कळतं. प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्यासाठी अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्यांपैकी ही फक्त पहिली. आता कामातली वागणूक बदलली का, ते पाहायचं आहे.

शिफ्ट बदलताना स्वतः शॉपफ्लोअरवर उभे राहा. सुपरवायझर पुढच्या शिफ्टच्या सुपरवायझरला मशीन का बंद होतं ते सांगतो का? नव्या हेल्परला काम आधी करून दाखवतो, मग त्याच्याकडून करून घेतो का? दिसेल तेच लिहा. नावं नकोत, विभाग पुरे. कुणावर कारवाईसाठी हे नाही.

रिजेक्शनचे (नाकारलेल्या मालाचे) प्रशिक्षणाआधीचे आकडे जरूर जोडा, नाहीतर तुलना कशाशी करणार? पुढच्या बॅचचा आराखडा यावरूनच ठरेल.